शुश्रूषा करणाऱ्यांचे श्रम



या वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस बोलावले, तेव्हा आम्ही कामगार चळवळीविषयी काही सांगावे अशी त्यांची अपेक्षा असणार. सूतगिरणीच्या खात्यात आणि युनियनच्या कचेरीत ज्याची तीस वर्षे गेली त्याने दुसरे काय सांगावे? आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर नगरवाचनालयाच्या बाकावर. तेव्हा विद्वत्तेचा आव आणण्याचे आम्हांस कारण नाही. आज आम्ही चळवळीविषयीच बोलणार आहोत. मात्र ज्या कामगाराविषयी बोलावयाचे आहे, त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नाही. घरात अंथरुणाला खिळलेल्या माणसाची रात्रंदिवस शुश्रूषा करणारे जे घरचे माणूस, बहुतेक ठिकाणी सून, बायको किंवा लेक, तो हा कामगार.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. शुश्रूषा ही माया आहे हे खरेच. पण ते कामही आहे. आणि कोणत्याही कामाला जे जे लागते, म्हणजे वेळेची मर्यादा, बदली माणूस, योग्य साधने, शिकवणारा कोणीतरी आणि विसावा, ते ते याही कामाला मिळाले पाहिजे. ते मिळाले नाही तर घरातल्या एका आजाऱ्याचे दोन आजारी होतात. हे आम्ही पुष्कळ घरांतून पाहिले आहे, आणि आपणही पाहिले असेल.

प्रथम हे काम मोजू. चळवळीचा पहिला धडाच हा की, मागणी करण्याआधी काम मोजावे. अर्धांगवायूने एक बाजू गेलेल्या माणसाचे उदाहरण घ्या. त्याला स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर साधारण दर दोन तासांनी कोणीतरी ती बदलावी लागते. दिवसाचे बारा वेळा झाले. त्यांतले चार वेळ रात्रीचे. शिवाय तोंड धुणे, अंग पुसणे, भरवणे, औषधे, बेडपॅन, कपडे, चादरी. हे सर्व आठवड्याचे सातही दिवस आणि वर्षाचे बाराही महिने. आणि शेजारी विचारतात, "सूनबाई हल्ली काय करते?" तर उत्तर येते, "काही नाही, घरीच असते."

केंद्र सरकारने २०२४ साली लोकांचा वेळ कसा जातो याची पाहणी केली. १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के स्त्रिया घरच्या माणसांची देखभाल करताना आढळल्या, आणि त्यांचा दिवसाकाठी सुमारे १४० मिनिटे वेळ त्यात जात होता. पुरुष होते २१.४ टक्के, आणि त्यांची मिनिटे ७४. या आकड्यांत मुलाबाळांचे करणेही आले. तरी ओझे कोणाच्या खांद्यावर आहे हे सांगावयास ते पुरेसे आहेत.

आता थोडे मागे जाऊ. मुंबईच्या गिरण्यांत एकेकाळी आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, अर्ज केले. आणि १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली. तेव्हाही पुष्कळांनी विचारले असेल की, एक दिवस यंत्र थांबले तर कसे चालेल? चालले. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याच्या कामावर ४८ तासांची मर्यादा घातली, सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा ठरवला, आणि ज्याने इजा होईल इतके वजन कामगाराकडून उचलवून घेऊ नये असेही लिहिले. तो कायदा आता नव्या श्रमसंहितांत सामावला आहे. पण एवढ्या वर्षांत यातले एकही कलम घराचा उंबरठा ओलांडून आत गेले नाही. घरातली शुश्रूषा करणारी बाई आजही १८९० च्या आधीच्या काळात राहते. तिला रविवार नाही.

आम्ही पाहिलेले एक प्रकरण सांगतो. काही वर्षांपूर्वी एक कामगार आरोपपत्र घेऊन कचेरीत आला. रातपाळीत कामावर झोपल्याचा आरोप होता. माणूस निर्व्यसनी, बारा वर्षांची नोकरी, पूर्वी एकही ठपका नाही. आम्ही उत्तर लिहून दिले आणि संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. दोन खोल्या. आईची डावी बाजू आठ महिन्यांपूर्वी गेलेली. तिला एकटीने उचलून उचलून बायकोची कंबर धरलेली. थोरली मुलगी दहावीला. ती महिनाभर शाळेत गेली नव्हती, कारण दुपारी आजीजवळ बसावयाला दुसरे कोणी नव्हते. आणि हा गृहस्थ रातपाळी करून दिवसा आईजवळ जागत होता. यंत्रापुढे तो झोपला यात नवल नव्हते; इतके दिवस झोपला नाही याचेच नवल होते.

आरोपपत्राचे काम ताकीद देऊन मिटले. खरी चौकशी घरात करावयाची होती. त्याचे दोन भाऊ याच गावात, बहीण पाच कोसांवर. आम्ही सर्वांना एका रविवारी बसवले. थोरला भाऊ म्हणाला, "आई त्याच्याकडे असते, तेव्हा ती जबाबदारी त्याची." आम्ही एवढेच विचारले की, वडिलांच्या घराच्या वाटणीच्या कागदावर सह्या कितीजणांच्या आहेत? सह्या तिघांच्या होत्या. मग जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीवर हजेरीपट आखला. रविवार सकाळ ते रात्र थोरल्या भावाकडे. तोही आणि त्याची बायकोही. धाकट्याला वेळ नव्हता, तेव्हा दर महिन्याला त्याने कमी-जास्त होणारा पलंग आणि हवेची गादी यांचे भाडे द्यावयाचे. बहिणीने महिन्यातून चार दिवस येऊन राहावयाचे. शेजारच्या आजींनी आपण होऊन दुपारचे दोन तास मागून घेतले. रात्रीच्या पाळ्या नवरा-बायकोने वाटून घेतल्या. त्या सोमवारपासून मुलगी शाळेत गेली आणि मार्चमध्ये परीक्षेला बसली. आई पुढे दीड वर्ष जगल्या, आणि त्यांच्या पाठीवर शेवटपर्यंत एकही जखम नव्हती. यात आमचे कर्तृत्व काही नाही. गिरणीतली बदलीची पद्धत तेवढी आम्ही घरात नेली.

तेव्हा पहिली सूचना हीच: घरात हजेरीपट करा. तोंडी नको, कागदावर करा आणि भिंतीला लावा. ज्याला वेळ नाही त्याने पैसे द्यावे, ज्याला पैसे नाहीत त्याने वेळ द्यावा, आणि जो परगावी आहे त्याने औषधांची, तपासण्यांची, कागदपत्रांची कामे फोनवरून उचलावी. पण कोणाचाही रकाना कोरा राहू नये. मुख्य शुश्रूषा करणाऱ्याला आठवड्यातून एक अर्धा दिवस पूर्ण मोकळा, आणि निदान एक दिवसाआड रात्रीची सलग झोप, इतके तरी त्या कागदावर दिसले पाहिजे.

दुसरी सूचना: नोंदवही ठेवा. पाळी बदलताना यंत्राची अवस्था पुढच्या माणसाला सांगितल्याखेरीज कोणी चांगला कामगार खात्यातून बाहेर पडत नाही. मग माणसाच्या बाबतीत तसे का असू नये? एक पेन्सिल आणि शंभर पानी वही पुरते. काय खाल्ले, पाणी किती प्याले, लघवी-शौच केव्हा झाले, कोणती कूस, कोणते औषध किती वाजता, आणि काही वेगळे दिसले काय. ही वही दवाखान्यात न्यावी. डॉक्टरांचा आणि तुमचा दोघांचाही वेळ वाचतो. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून देऊ नये. गोळी कुटून द्यावयाची असेल तर आधी विचारावे. काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळण्यासाठीच तशा केलेल्या असतात.

तिसरी सूचना अंथरुणाच्या जखमांविषयी. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याचे पंखे आणि डोक्याची मागची बाजू येथे हाडाचा दाब पडून कातडी मरते. रोज अंग पुसताना या जागा पाहाव्या. लाल झालेली जागा बोटाने दाबावी. बोट काढल्यावरही लाली तशीच राहिली तर ती धोक्याची सूचना समजावी. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही. तेथे जागा काळपट, गरम किंवा टणक लागते. अशा जागेवर चोळू नये, त्याने आतली हानी वाढते. त्या कुशीवर ठेवू नये आणि नर्सला किंवा डॉक्टरांना दाखवावे. चादरीला सुरकुती नको, अंग ओले नको. टाचा अधांतरी राहतील अशी पोटरीखाली उशी द्यावी.

चौथी सूचना तुमच्या स्वतःच्या कंबरेविषयी. कंबरेतून वाकून कोणालाही उचलू नका. पाय थोडे फाकवा, गुडघ्यांत वाका, माणूस आपल्या अंगाजवळ घ्या, "एक, दोन, तीन" असे मोठ्याने म्हणा म्हणजे आजारीही आपल्या परीने जोर लावतो, आणि मग उठा. पलंगावरून खुर्चीत घ्यावयाचे तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवा. लुळा हात धरून कधीही ओढू नका, खांदा निखळतो. अंथरुणात वर सरकवताना त्याच्या पाठीपासून मांड्यांपर्यंत एक चादर घडी करून आडवी घाला आणि दोघांनी दोन्ही बाजूंनी ती धरून सरकवा. हमाल पोते उचलण्याची रीत शिकतो; घरच्या सुनेला कोणी ही रीत शिकवीत नाही, आणि दवाखान्यातून घरी सोडताना पाच मिनिटे मागून घेतली तर फिजिओथेरपिस्ट ती हौसेने दाखवतात. ती पाच मिनिटे मागा. तो तुमचा हक्क आहे.

पाचवी सूचना भरवण्याविषयी. आडवे ठेवून भरवू नये. पाठीला टेकू देऊन शक्य तितके सरळ बसवावे, हनुवटी किंचित खाली, घास लहान, तोंडाच्या चांगल्या बाजूने; एक गिळल्यावरच दुसरा. जेवणानंतर अर्धा तास तसेच बसू द्यावे. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा आवाज ओला, घरघरता होत असेल तर अन्नपाणी श्वासनळीत जात असण्याची शंका घ्यावी आणि डॉक्टरांना लगेच सांगावे. लघवीची नळी असेल तर पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली राहील असे पाहावे.

आणि शेवटी, न थांबता दवाखाना गाठावयाची लक्षणे. चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळणे, एक हात उचलता न येणे, बोलणे अडखळणे: यांपैकी काहीही दिसले की घड्याळ पाहावे आणि १०८ ला फोन करावा. रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते, तेही तपासणीनंतर. म्हणून "सकाळपर्यंत पाहू" हे शब्द उच्चारू नयेत. ताप, लघवी कमी होणे, अचानक भ्रम होणे हेही त्याच दिवशी दाखवावे.

आता एक आक्षेप. काही वडीलधारी मंडळी आम्हांस म्हणतात, "आईच्या सेवेलाही तुम्ही पाळ्या आणि सुट्ट्या लावणार? आपल्याकडे पुंडलिक झाला!" झाला खरा. पण त्या कथेत काय आहे ते नीट पाहावे. आईवडिलांची सेवा चालू असता प्रत्यक्ष देव दारी आला, तर पुंडलिकाने त्याच्याकडे वीट फेकली आणि उभा राहा म्हणून सांगितले. आपल्या घरची सून मात्र आजाऱ्याचे अंथरूण अर्धवट टाकून भेटीला आलेल्या पाहुण्यांसाठी चहा ठेवते, आणि साखर कमी पडली म्हणून बोलणेही ऐकते. पुंडलिकाचे नाव घ्यावयाचे असेल तर आधी पाहुण्यांनी विटेवर उभे राहण्याची तयारी ठेवावी.

दुसरे असे की, सेवेत देह ठेवणाऱ्यांना आपण वंदन करतो ते योग्यच. सावित्रीबाई फुले १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. ते हौतात्म्य होते. पण प्रत्येक घरातून एकेक हुतात्मा मागावा आणि तीच समाजाची व्यवस्था समजावी, हे त्या माउलीच्या नावाला शोभत नाही. थकलेला हात रागावतो, थकलेले डोळे औषधाची बाटली चुकतात. विसावा मागणारी सून प्रेमात उणी नसते. प्रेम टिकावे म्हणूनच ती विसावा मागत असते.

या थकव्याचा एक भाग मनाचा असतो आणि त्याविषयी कोणी बोलत नाही. एखाद्या रात्री मनात येते, "आता सुटका झाली तर बरे", आणि मग त्या विचाराचीच लाज वाटून माणूस आतून जळत राहतो. आम्ही सांगतो की असा विचार येणे हे पाप नव्हे. ते अतिश्रमाचे लक्षण आहे, जसे तापणे हे बेअरिंग कोरडे पडल्याचे लक्षण. अशा वेळी तोंड मिटून बसू नये. झोप उडाली, रडू आवरेना, हात उगारावासा वाटू लागला, तर सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. हे दोन आकडे त्या भिंतीवरच्या हजेरीपटाखाली लिहून ठेवा.

पैशांविषयी आणि कायद्याविषयी दोन शब्द. २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने शुश्रूषा करणाऱ्याची व्याख्या केली आणि तीत विनामोबदला करणारे घरचे माणूसही धरले. ज्याला मोठ्या आधाराची गरज आहे अशा व्यक्तीसाठी देखभाल-भत्त्याची तरतूद सरकारी योजनांत असावी असेही त्यात म्हटले आहे. कायद्यात लिहिणे आणि हातात पडणे यांत किती अंतर असते हे कामगारांना सांगावयास नको. पण जे कागदावर आहे ते मागता तरी येते. अर्धांगवायूने कायमचे अपंगत्व आले असेल तर सरकारी रुग्णालयातून प्रमाणपत्र काढून घ्या. पुढचे दरवाजे त्या कागदाने उघडतात. गरीब घरांनी श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांची चौकशी तहसील कचेरीत करावी. मुले सांभाळीत नसतील तर २००७ च्या कायद्याप्रमाणे आईवडिलांना उपविभागीय न्यायाधिकरणाकडे निर्वाहखर्च मागता येतो. कामगार विमा योजनेत कामगाराच्या अवलंबून असलेल्या आईवडिलांना औषधोपचार मिळतो. परंतु त्यांच्या शुश्रूषेसाठी कामगाराला पगारी रजा त्यात नाही. ती मिळाली पाहिजे, ही मागणी आता युनियनांनी आपल्या मागणीपत्रकात घातली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

ज्यांना परवडते ते बारा तासांची मावशी ठेवतात. ठेवा, त्यात कमीपणा नाही. पण तीही कामगारच आहे हे विसरू नका. तिला आठवड्याची सुट्टी द्या, जेवावयास बसण्याची जागा द्या, पगार ठरल्या तारखेला द्या. आपल्या सुनेला रविवार मिळवून देताना दुसऱ्याच्या सुनेचा रविवार काढून घेणे हा न्याय नव्हे.

आता घराबाहेर पाहू. केरळात कालिकत येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल, डॉ. सुरेश कुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाध्य रोग्यांच्या वेदना कमी करण्याचे काम आरंभले. पुढे लक्षात आले की, केवळ डॉक्टरांनी हे होणारे नाही. मग गावोगावी साधी माणसे पुढे आली. आठवड्याचे दोन तास देऊ शकणाऱ्या शेजाऱ्यांना थोडे शिक्षण दिले. लोकांच्या लहान लहान देणग्यांतून नर्स घरोघर जाऊ लागली. आणि २००८ साली त्या राज्याच्या सरकारने हे काम आपले धोरण म्हणून स्वीकारले. ही काही परदेशातली गोष्ट नव्हे. आपल्याकडे गणपतीच्या मंडळाला वर्गणी जमते, पाळ्या लावून रात्रभर आरास राखली जाते, विसर्जनाला शंभर पोरे हजर असतात. तीच मंडळे आहेत, तीच पोरे आहेत. एका आळीत अंथरुणाला खिळलेली चार-पाच माणसे असतील. आणि आळीतल्या वीस घरांनी आठवड्याचे दोन तास दिले तर चाळीस तास होतात. गाव करी ते राव काय करी, असे आपल्या वाडवडिलांनी म्हटले आहे ते उगीच नव्हे. मंडळाने एक चाकांची खुर्ची, एक कमोडची खुर्ची आणि एक हवेची गादी विकत घेऊन ठेवली, तरी ती घराघरांतून वर्षानुवर्षे फिरेल.

आपला अधिक वेळ आम्ही घेत नाही. या सभागृहातून बाहेर पडताना आपल्यापैकी प्रत्येकाला असे एखादे घर आठवेल. त्या घरी आपण आजवर जाऊन आलो असू आणि निघताना "काही लागले तर सांगा हं" असे म्हणालो असू. ते वाक्य आता सोडून द्यावे. दमलेल्या माणसाला मागता येत नाही. मागणे हेही एक कामच असते. त्याऐवजी असे म्हणावे, "गुरुवारी चार ते सहा मी येऊन बसतो. वहिनी, तुम्ही झोपा, नाहीतर देवळात जाऊन या." आणि गुरुवारी चारला पाच कमी असताना दार वाजवावे. पाळीला उशीर करणे बरे नव्हे.